थांबा, आत विचारून येते

वहिनी, तुम्ही गेल्यापासून तुमचा भाव रोज उतरतोय.

परवा एक बाई आल्या. खणाच्या कुंचीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मावशी मला अडीचशेला द्यायच्या." काल दुसऱ्या आल्या, त्यांना म्हणे तुम्ही दोनशेला देत होतात. आणि आज सकाळी एकीनं कहरच केला. "शालनमावशींनी मला दीडशेला दिली होती, वर टोपडं असंच." दीडशेत खण आणि अस्तर तरी येतं का हो? पण बाई रडत होती. तुमच्या आठवणीनं खरंच रडत होती, आणि पदरानं डोळे पुसता पुसता भाव पाडत होती. मेलेल्या माणसाला साक्षीला उभं केल्यावर मी उलटतपासणी घेऊ तरी कुणाची?

खोट्याचा मला राग नाही. खोटं आपण दोघीही दिवसभर बोलायचो, धंदाच तसा. राग ह्याचा येतो, की ह्यातलं खरं कुठलं नि खोटं कुठलं हे मला ओळखता येत नाही. तुमचा काय नेम! तुम्ही कुणाला काय कबूल करून ठेवलंत, ते तुम्हाला आणि त्या बाईलाच ठाऊक. तुम्ही गेलात, आणि येणारी प्रत्येक बाई पन्नास रुपये खाली उतरते.

तेरावं झालं आणि मी लगेच शटर वर केलं. गल्लीतले म्हणाले, एवढी काय घाई. घाई कसली, घरात बसवत नव्हतं. ओट्याजवळ तुमचा पाट, कपाटाच्या मुठीला अडकवलेला तुमचा चष्मा. वाटलं, दुकानात जरा बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय! घरापेक्षा दुकानातच तुम्ही जास्त आहात.

मेन रोडच्या मागच्या गल्लीतला आपला तो अरुंद गाळा. पुढे काउंटर, काउंटरमागे तुमचं स्टूल, मग फुलाफुलांचा पडदा, आणि पडद्यामागे मी. धंदा बाळंतविड्याचा. कुंची, टोपडं, अंगडं, दुपटं, लाळेरं, सगळं हातशिलाईचं. नवजात बाळाच्या अंगाला मशीनच्या शिवणीची कड टोचते, हे तुमचं म्हणणं, आणि ते मलाही पटलेलं. आपलं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट असेल. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. लग्न होऊन आले ती तुमच्या हाताखाली आधी पोळ्या लाटायला लागले आणि मग टाके घालायला. माझ्या पोळ्या तुम्हाला शेवटपर्यंत पसंत पडल्या नाहीत. टाके पडले.

भाव करायचं खातं तुमचं. खातं कसलं, नाटक कंपनीच होती ती. गिऱ्हाईक यायचं, तुम्ही "साडेतीनशे" म्हणायचात. गिऱ्हाईक डोळे वटारायचं, "बाई गं! एवढीशी कुंची, चार महिन्यांत बाळाला होणार नाही." की तुम्ही लगेच त्यांच्या बाजूच्या! "खरं हाय तुमचं. मी तर कधीच देऊन टाकली असती. पण माझी जाऊ लय कडक हाय. थांबा, आत विचारून येते."

आणि पडदा सारून आत यायचात. आत येऊन विचारायचात थोडंच! घोटभर पाणी प्यायचात, पदरानं मान पुसायचात, माझ्या हातातलं काम बघून "टाका वाकडा चाललाय" म्हणायचात, आणि बाहेर जाऊन तोंड पाडून सांगायचात, "नाय म्हणते हो. लय समजावलं, तवा कुठं तीनशे वीसवर आली."

गुडघे दुखायला लागल्यावर तुम्ही उठायचं सोडलंत आणि स्टुलावरूनच हाक मारायला लागलात. "उजू, चहा ठेव गं" अशी हाक आली, की मी आतून ओरडायचं, "नाही परवडत!" आणि "उजू, पाणी आण" असं ऐकू आलं, की जरा थांबून, नाइलाज झाल्यासारखं म्हणायचं, "द्या मग, तुम्ही ठरवलंच असेल तर." चहा म्हणजे धरून ठेव, पाणी म्हणजे सोडून दे. एकदा तुम्हाला खरोखरीचा चहा हवा होता आणि मी पडद्यामागून खणखणीत आवाजात "नाही परवडत!" म्हणून ओरडले. समोर तुमच्या अभयचे सासरे बसले होते. ते बिचारे "नको नको, पिऊनच निघालोय" म्हणत उठायला लागले. तुम्ही हसून हसून स्टुलावरून पडायच्या बाकी होतात.

पण ह्या नाटकात वाईटपणा कायम माझ्या वाट्याला. गल्लीभर माझं नाव झालं, कडक जाऊ. भाजीवालीसुद्धा मला बघितल्यावर आधीच म्हणते, "ताई, जास्त पाडू नका हां." आणि खरं सांगायचं तर मला भाव करताच येत नाही. कुणी दोनदा मागितलं की मी देऊन टाकते. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असूनही रोज, इतकी वर्षं, येईल त्या बाईला तुम्ही सांगत होतात, माझी जाऊ कडक आहे. आणि इतक्या सहज सांगायचात, वहिनी, की मला कधी कधी वाटायचं, ह्या सोंग करतायत की मनातलं बोलतायत? टाके घालता घालता हा प्रश्न मनात यायचा. विचारू विचारू म्हणत राहिले. असलं काही विचारायचं म्हणजे आपण किती हलक्या मनाच्या, असं वाटून पुढचा टाका घालायचे.

तुमच्या त्या ओटीवरून आपण किती भांडलो! वस्तूची खरी किंमत तीनशे असली की तुम्ही साडेतीनशे सांगायचात आणि वरच्या पन्नासाला म्हणायचात ओटी. "बाईमाणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाय. काहीतरी ओटीत घालायचं." मी म्हणायची, "आधी चढवायचे आणि मग उतरवायचे, तर चढवायचेच कशाला?" तुम्ही म्हणायचात, "द्यायचं तर आधी आपल्या हातात पायजे ना, येडे."

लासलगावच्या मार्केटात बापाच्या ट्रॅक्टरवर बसून लिलाव ऐकत वाढलेल्या तुम्ही. तुमच्या वडिलांच्या कांद्याला भाव लावायचे दुसरेच. गाडीपुढे व्यापाऱ्यांचा घोळका यायचा, पाच-दहा आकडे ओरडायचा, पुढे निघून जायचा, आणि वडील नुसते बघत राहायचे. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, पापड लाटताना. "त्यांनी कधी सोताच्या तोंडानं भाव सांगितला नाय. मी सांगते. आन कमी करायचा का नाय ते बी मीच ठरवते." तेव्हा मी पुढचा पापड लाटायला घेतला. पण म्हणून माझं म्हणणं चुकीचं होतं असं नाही.

ती डब्याची पिशवी खांद्याला लावलेली बाई आठवते? ऑफिस सुटून आली असावी. तुम्ही साडेतीनशे म्हणालात, तिनं पर्समधून साडेतीनशे काढले, कुंची घेतली आणि गेली. एक शब्द नाही. मी पडद्यातून बाहेर आले.

"वहिनी, तिला ओटीचे पन्नास?"

"तिनं मागितले नाय."

"म्हणजे जी हुज्जत घालते तिला स्वस्त, आणि जी गुमान पैसे देते तिला महाग? हा कुठला न्याय?"

"न्याय कोर्टात असतो. दुकानात बोलणं असतं. भाव करते ती बाई आपल्याशी बोलते, वस्तू आवडली म्हणून बोलते. ही बोललीच नाय, त्याला मी काय करू?"

"अहो, तिला बोलता येत नसेल! लाज वाटत असेल. मला वाटते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "म्हणून तर तुला मागं बसवलंय."

मी तुमच्याशी बोलायचंच बंद केलं. घरी वाढताना ताट आपटलं, तुम्ही ते पुढे ओढून जेवलात. मग आपोआप बोलायला लागलो, नेहमीसारखं, मीठ कुठंय नि रॉकेल कुठंय वरून. पण त्यानंतर लाळेरी कमी भरायला लागली. मी आपली उंदरांना शिव्या देत होते, आणि तुम्ही मुकाट पैसे देणाऱ्या बायकांच्या पिशवीत गुपचूप एकेक लाळेरं सरकवत होतात! पकडलं तेव्हा म्हणालात, "उंदीरच समज." माझं पटलं होतं तर सरळ म्हणायचं ना, उजू तुझं पटलं म्हणून. तेवढं मात्र तुमच्या तोंडून निघेल तर शपथ.

माझा हट्ट म्हणजे एकच भाव. चिठ्ठी लावायची, वाचायची, पटलं तर घ्यायचं. दरवर्षी दिवाळीच्या आधी गंगापूर रोडला प्रदर्शन लागायचं, तिथे मी एकटी जायची, कारण तुम्हाला त्या हॉलमध्ये गुदमरायचं. तिथे प्रत्येक कुंचीला मी ठसठशीत चिठ्ठी लावायची. बायका गाडीतून उतरायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि म्हणायच्या, "लास्ट प्राइस?" एक तर म्हणाली, "हँडमेड आहे ना? मग मशीनचा खर्च तर तुमचा वाचलाच की, तेवढे कमी करा." मी थक्कच झाले. दुसरी फोन पुढे करून दाखवत होती, असलंच ऑनलाइन निम्म्याला मिळतं. मी म्हटलं, मिळत असेल तर घ्या. ती गेली. संध्याकाळी उरलेला माल घेऊन रिक्षानं दुकानात आले, की तुम्ही किती विकलं हे विचारायचा नाहीत. विचारायचात, "किती बायांशी बोललीस?" माझा तिळपापड व्हायचा.

हे सगळं भांडण अर्धवट राहिलं, वहिनी. तुम्हाला धाप लागायला लागली, आम्ही तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि भांडण राहिलं बाजूला.

दवाखान्यातलं एक बोलायचंय. कुणालाच बोलले नाही अजून. सकाळची वेळ होती, अभय औषधं आणायला खाली गेला होता. तोंडात पाणी घालायचं नाही, कापसाचा बोळा ओला करून नुसते ओठ पुसायचे, असं नर्सनं दोनदा बजावलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत, आणि अगदी स्टुलावरून मारायचात तशी हाक मारलीत. आवाज नव्हता, पण सूर तोच.

"उजू, पाणी आण."

तुम्हाला तहान लागली होती का हो? की आपलं पाणी, ते दुकानातलं? सोडून दे आता, जो भाव येतोय त्याला देऊन टाक, असं म्हणत होतात? आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "नाही परवडत, वहिनी."

नर्स वळून बघायला लागली. तुमचे ओठ हलले. हसलात की कोरड पडली म्हणून हलले, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी बोळा ओला केला, ओठ पुसले, पुन्हा पुसले. दुपारी तुम्ही गेलात. आता रोज जेवायला बसल्यावर पेल्यात पाणी ओतलं की ते सगळं पुन्हा ऐकू येतं, आणि मी पेला तसाच खाली ठेवते. मला दुसरं काहीतरी बोलता आलं असतं. निदान "हो" म्हणता आलं असतं. पण हो म्हटलं असतं तर मीच तुम्हाला सोडून दिलं असं झालं नसतं का? हे मी कुणाला विचारू?

दहाव्याला गंगेवर, गोदेच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. चार-पाच कावळे समोर बसलेले, माना वाकड्या करून बघतायत, पण एक पुढे येईल तर शपथ. अभय म्हणाला, आई, तुझ्या नातवाचं सगळं नीट करीन. नाही. माझे मालक म्हणाले, वहिनी, तुमच्या लेकीची, कपिलेची काळजी करू नका, तिच्या लग्नात काही कमी पडू देणार नाही. नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दुकान चालू ठेवीन. कावळा तसाच. तुमच्या पद्धतीनं चालवीन, एवढं म्हणायची फक्त खोटी होती, मला पक्कं ठाऊक होतं. पण म्हणाले नाही मी. काय अडलंय! तिथेसुद्धा माझं डोकं फिरलं, की बाई जाता जाताही भाव करतेय. शेवटी भटजी वैतागून दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा एक खाली उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की "अहो ताई, या इकडं" म्हणून हाक मारायची तुमची सवयच होती. मला तिथे, सगळ्यांच्या देखत, हसू फुटलं आणि मग रडू आवरेना.

दुकान उघडलं त्याच दिवशी अभयनं बोर्ड करून आणला. एकच भाव. छान छापलेला, लाल अक्षरं. म्हणाला, "काकू, तुम्हाला कधीपासून हवा होता ना?" हवा होता, खरंच हवा होता. लावला. बायका बोर्ड मोठ्यानं वाचतात, मान डोलावतात, आणि म्हणतात, "बरं, पण कमी किती होतील?" मग तुमचं नाव काढतात, मावशी असत्या तर. मग मी चिडते. मग पुढच्या दोघी पायरीवरूनच परत जातात.

आणि मग ती गोष्ट सुरू झाली, जी मी घरात कुणाला सांगितलेली नाही. एक नवीन बाई आली होती, तिला तुम्ही माहीत नव्हतात. फार गोड बोलत होती, आणि फार मागत होती. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. आणि मी म्हणाले, "थांबा, आत विचारून येते."

उठले, पडदा सारला, आत गेले. आत माझी सतरंजी, कात्री, खणाचे तुकडे. मी तिथे उभी राहिले. रस्त्यावरचा आवाज पडद्यानं जरा कमी होतो ना, तेवढीच काय ती शांतता. मला वाटलं होतं, मी नुसतं नाटक करतेय. पण मी खरंच विचारलं, वहिनी. हळूच म्हणाले, "काय करू?" आणि थांबले. गार वाटायला लागलं, तळव्यापासून मानेपर्यंत. काही ऐकू आलं नाही. बाहेर आले आणि म्हणाले, "हो म्हणाल्या."

बाई खूश होऊन गेली. मी स्टुलावर बसून राहिले. मग असं रोजच व्हायला लागलं. कधी "हो म्हणाल्या" सांगते, कधी "नाही म्हणाल्या". आत जाऊन उभं राहिल्यावर त्या क्षणी जे मनात येईल ते. ते तुमच्याकडून येतं की माझ्याकडून, हे मी ठरवत नाही, ठरवायला भीती वाटते. पण दर खेपेला बाहेर येताना तोच जुना प्रश्न बरोबर येतो. तुम्ही मला कडक समजत होतात का? आता आत जाऊन तुम्हाला काहीही विचारते मी, भाव विचारते, दोन घेतल्यावर किती सोडू ते विचारते. हे एक विचारायचा धीर होत नाही. आतून काही उत्तर आलं नाही तरी भीती, आणि आलं तरी भीती.

काल दुपारी एक बाई आली. दिंडोरीकडची असावी, बोलण्यावरून वाटलं. हाताला धरून एक पोरगी, नुकती नीट चालायला लागलेली. स्टुलाकडे बघून म्हणाली, "तुम्ही नव्या का? त्या मोठ्या बाई नायत वाटतं आज?" मी नुसतं "नाहीत" म्हणाले. रोज तेच तेच सांगून जीव थकतो. तिला बहिणीच्या बाळंतपणासाठी दुपटं हवं होतं. मी भाव सांगितला. आणि काय घासाघीस केली हो तिनं! तुम्ही असतात तर बाह्या सरसावून बसला असतात. कापड पातळ, रंग जाईल, एवढ्यात आमच्याकडं कोंबडी येते. बोर्डाकडे बोट दाखवलं तर म्हणाली, "मला वाचता येत नाय." आणि हसली. येत होतं, सगळं येत होतं तिला.

मी म्हटलं, "थांबा, आत विचारून येते."

आत गेले, उभी राहिले, बाहेर आले. "हो म्हणाल्या."

"मला ठाऊकच व्हतं," ती म्हणाली. "तुमच्या आतल्या बाई लय चांगल्या. मागल्या खेपेला बी त्याच हो म्हणाल्या व्हत्या."

मी दुपटं घडी करत होते, हात थांबले. म्हटलं, "मागच्या खेपेला म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. तिची पहिली दोन बाळं राहिली नाहीत. तिसऱ्या वेळी सासूनं सांगितलं, ह्या बाळाचं पहिलं अंगडं-टोपडं विकत आणायचं नाही, मागून आणायचं, म्हणजे बाळाला दृष्ट लागत नाही. पण दुकानात जाऊन मागायचं कसं? बाई पैसे घेऊन आली होती. कुंची हातात घेतली, ठेवली, परत घेतली, पैसे काढले, परत आत ठेवले. तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "मागायला आली का गं?" ती रडायला लागली.

"मग त्या म्हणाल्या, थांब, माझ्या जावेला विचारून येते. गुडघे धरून उठल्या, आत गेल्या आन बाहेर येऊन म्हणाल्या, पैसे घ्यायचे नायत असं माझी जाऊ म्हणते. मागितलेली कुंची इकायची नसते म्हणते. म्या म्हणलं, लय उपकार झाले. तर म्हणाल्या, माझे नाय गं, तिचे. मी मेली व्यवहारी, म्हणून पुढं बसते. तिचा जीव लय मऊ हाय, तिला लोकं लुटून नेतील, म्हणून तिला मागं बसवलंय."

पोरगी काउंटरच्या काचेला नाक लावून उभी होती. "हीच ती," ती म्हणाली. "नाव स्वरा हाय, पण आजी धोंडी म्हणती."

मी विचारलं, "हे कधीचं?" ही पोटात होती त्या दिवाळीच्या अगोदरचं, म्हणाली. गल्लीत आकाशकंदील लागले होते. त्या दिवसांत मी गंगापूर रोडला होते, वहिनी. हॉलमध्ये, चिठ्ठ्या लावून बसलेली. पडद्यामागे कुणीही नव्हतं. तुम्ही रिकाम्या खोलीत जाऊन मला विचारून आलात.

"आतल्या बाईंना जरा बाहेर बोलवा ना," ती म्हणाली. "पोरीला पायावर घालते. आन मोठ्या बाई कवा येतील?"

मग मी सांगितलं तिला, मोठ्या बाई गेल्या. ती पायरीवर मटकन बसली. पोरीला जवळ ओढून तिनं पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "जावेचं कसं हाय मग? एकट्या पडल्या असतील."

मी म्हणाले, "मीच ती."

तिनं विचारलं नाही, की मग आत्ता आतून हो कोण म्हणालं. उठली, पोरीचं डोकं धरून माझ्या पायावर टेकवलं. पोरगी माझ्या चपलेशी खेळायला लागली. मी भर दुपारी, रस्त्यावरच्या लोकांच्या देखत, काउंटरला धरून ओक्साबोक्शी रडले, आणि ती बाई, जिनं घटकेपूर्वी एकेका रुपयासाठी माझा जीव खाल्ला होता, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

माझा जीव मऊ आहे, हे तुम्ही एका परक्या बाईला सांगितलंत. आणखी किती जणींना सांगितलं असेल, देव जाणे. घरात आपण एका ओट्यापाशी उभ्या राहायचो हो, वहिनी. मला एकदा तरी सांगायचं होतंत.